आंतरजाल आणि बोलण्याचा हक्क : नागरिकशास्त्राच्या पाठासाठी अभ्यासलेख

इयत्ता सातवीच्या नागरिकशास्त्रात मूलभूत हक्कांचे प्रकरण येते. भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य समजावून देताना आपण बहुधा सभा, व्याख्यान व वर्तमानपत्र यांची उदाहरणे घेतो. ती चुकीची नव्हेत. परंतु आपल्या जिल्ह्यातील एखाद्या तांड्यावरील वा पोडावरील मुलाने व्याख्यान असे ऐकलेले नसते, आणि वर्तमानपत्र त्याच्या दारी रोज येतेच असे नाही. भ्रमणध्वनी मात्र घरात असतो. त्याचे वडील, चुलते, गावचे पंच जे काही बोलतात, भांडतात, विचारतात, त्यातील पुष्कळसे आता त्या तळहाताएवढ्या काचेवर घडते. मग संविधानाचे एकोणिसावे कलम त्या काचेवर चालते की नाही, हा प्रश्न मुलाच्या मनात यावयास हवा; आपण होऊन आला नाही, तर शिक्षकाने तो आणावा. त्यासाठी शिक्षकबंधुभगिनींजवळ जी माहिती असणे अगत्याचे आहे, ती येथे एकत्र दिली आहे.

या विषयाचा सर्वांत बोलका दाखला आपल्याच राज्यात, पालघर येथे घडला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले व दुसऱ्या दिवशी मुंबई व आसपासचा प्रदेश बंद राहिला. पालघरच्या एका एकवीस वर्षांच्या तरुणीने फेसबुकावर चार ओळी लिहिल्या. हा बंद आदरापोटी आहे की भीतीपोटी, असा त्यांचा आशय होता. तिच्या एका मैत्रिणीने तो मजकूर आपणांस आवडल्याची खूण केली.  जमाव जमला, लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली, आणि पोलिसांनी दोघींनाही अटक केली. त्यांच्यावर लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६ अ हे एक होते. त्यांची जामिनावर सुटका झाली. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले व प्रकरणही बंद करण्यात आले. परंतु शेजारपाजारच्या किती मुलींनी त्या आठवड्यात आपला लिहिता हात आखडून घेतला असेल, याची मोजदाद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

ही हकीकत वर्गात सांगताना त्या मुलींची नावे सांगण्याचे कारण नाही. घटना पुरे आहे. मुलांस एवढेच विचारावे, की मैत्रिणीचा अपराध कोणता? बहुतेक मुले ‘काहीच नाही’ म्हणतील. एखादा चतुर मुलगा म्हणेल, ‘तिने अंगठा दाखविला.’ त्यास तेथेच थांबवून विचारावे, की वर्गात कोणी बोलले व तू मान हालवलीस, तर शिक्षा तुलाही व्हावी काय?

आता हे कलम ६६ अ काय होते ते पाहू. २००८ च्या दुरुस्तीने ते अधिनियमात आले व २००९ च्या ऑक्टोबरपासून अमलात होते. संगणक वा भ्रमणध्वनीवरून ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठविणे, किंवा कोणास ‘त्रास’ वा ‘गैरसोय’ व्हावी या हेतूने काही धाडणे, यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद त्यात सांगितली होती. या शब्दांकडे शिक्षकाने बारकाईने पाहावे. त्रास म्हणजे किती? गैरसोय कोणाची? ग्रामपंचायतीच्या हिशेबाविषयी एखाद्याने प्रश्न विचारला, तर ज्याचा हिशेब जुळत नाही त्यास त्रास होणारच. मास्तर उशिरा येतात असे पालकाने लिहिले, तर मास्तरांचीही गैरसोय होते!

पालघरच्या प्रकाराने व्यथित होऊन श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर व न्यायमूर्ती नरिमन यांनी कलम ६६ अ संपूर्णपणे रद्दबातल ठरविले. निकालातील विचारसरणी थोडक्यात अशी. कलम १९(१)(क) ने दिलेल्या स्वातंत्र्यावर बंधन घालावयाचे, तर ते कलम १९(२) मधील कारणांसाठीच घालता येते. ती कारणे मोजकी आहेत : देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रूनुकसानी आणि अपराधास चिथावणी. कोणास राग येणे वा कोणाची गैरसोय होणे या यादीत नाही. शिवाय बंधन घालणारा कायदा इतका स्पष्ट असावा लागतो, की साध्या माणसास आपण रेषेच्या अलीकडे आहोत की पलीकडे हे कळावे. रेषाच धूसर असेल, तर भला माणूस तिच्यापासून चार हात दूर राहतो, आणि बोलण्यासारखे असते तेही बोलत नाही. न्यायालयाने सगळीच बंधने उठविली, असा गैरसमज मात्र वर्गात होऊ देऊ नये. ठरावीक कारणांसाठी व ठरावीक रीतीने एखादा मजकूर अडविण्याचा शासनाचा अधिकार, म्हणजे कलम ६९ अ, न्यायालयाने कायम ठेवला.

निकाल लागला म्हणजे काम संपले, असेही नाही. रद्द झालेल्या या कलमाखाली देशात ठिकठिकाणी गुन्हे नोंदविले जातच राहिले. ही गोष्ट २०२१ साली पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे गेली, आणि १२ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायालयास पुनश्च आदेश द्यावा लागला, की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये. जो कायदा उरला नाही, त्याची भीती सात वर्षे उरली. निकालाचा कागद दिल्लीहून ठाण्याच्या टेबलापर्यंत पोचावयास वेळ लागतो; तो गावकऱ्याच्या कानापर्यंत तर शिक्षकाखेरीज कोण पोचविणार?

छापील शब्दाच्या वाट्याला हे सारे आधीच येऊन गेलेले आहे, व इतिहासाच्या तासाशी याची सांगड सहज घालता येते. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी वेगळा कायदा केला. मुद्रकाकडून जातमुचलका व अनामत घ्यावी, मजकूर न रुचल्यास ती जप्त करावी, आणि दंडाधिकाऱ्याच्या निर्णयावर न्यायालयात दाद नाही, असा तो कायदा होता. इंग्रजी पत्रांस तो लागू नव्हता. पुढे रिपनच्या कारकीर्दीत, १८८२ साली, तो उठला. स्वातंत्र्यानंतरही प्रश्न सुटला असे नव्हे. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या साप्ताहिकास मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली, तेव्हा संपादक रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले व मे १९५० मध्ये जिंकले. मजकूर लिहिण्याइतकाच तो लोकांपर्यंत पोचविण्याचा हक्कही संरक्षित आहे, हे तेव्हा ठरले. फेसबुक त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तरी ‘पोचविणे’ हा शब्द आज जसाच्या तसा कामास येतो. पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १९(२) मध्ये ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण दाखल झाले आणि त्याबरोबर बंधने ‘वाजवी’ असली पाहिजेत ही अटही आली. शिक्षकाने या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगाव्यात. एक सांगून दुसरी गाळली, तर मुलाच्या हाती अर्धे संविधान पडते.

साधन कोणाच्या हाती आहे, हाही यातला एक भाग आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ काढले, कारण बहिष्कृतांची गाऱ्हाणी मांडण्यास अन्य पत्रांत जागा नव्हती. आज कोलाम पोडावरील तरुणास आपल्या विहिरीचे छायाचित्र जगापुढे ठेवण्यास छापखाना लागत नाही. ही केवढी मोठी गोष्ट आहे! मात्र पोडावर भ्रमणध्वनीची लहर पोचत नसेल, तर हा हक्क कागदावरच राहतो. २०२० साली शाळा बंद असताना आपण सर्वांनी हे अनुभवले. केरळच्या उच्च न्यायालयाने तर २०१९ च्या सप्टेंबरात, वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात, आंतरजाल वापरता येणे हा शिक्षणाच्या व खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला आहे.

आपल्या यवतमाळचा दाखला फार जुना नाही. ११ ते १३ जानेवारी २०१९ या दिवसांत येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले होते. विरोधाची भाषा झाल्यावर ते मागे घेण्यात आले. अनेक निमंत्रित साहित्यिकांनी पाठ फिरविली आणि महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. उद्घाटन या जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या विधवेच्या हस्ते झाले, व ते अनेकांच्या स्मरणात राहिले. या वादातील बाजू घेण्याचे हे स्थळ नव्हे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. जे भाषण मंडपात व्हावयाचे होते व झाले नाही, ते वृत्तपत्रांतून व भ्रमणध्वनीवरून, मराठी अनुवादासह, महाराष्ट्रभर वाचले गेले. मंडपाचे दार बंद करता येते. आंतरजाल मोकळे असेल, तर शब्द दुसऱ्या वाटेने येतो.

येथवर वाचून एखादा अनुभवी शिक्षक म्हणेल, ‘साहेब, गावात फिरणाऱ्या अफवांचे काय?’ हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून पाठ पुरा होणार नाही. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे पाच जणांस जमावाने ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत आलेले. मुले पळविणारी टोळी आली आहे, अशी अफवा भ्रमणध्वनीवरून पसरली होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून मारण्यात आले. ज्या वास्तूत नागरिकांचे गाऱ्हाणे ऐकावयाचे, तीच वास्तू! ही घटना लहान मुलांपुढे तपशिलाने वर्णन करू नये. पण आठवीच्या मुलांस तिचा गाभा सांगावा.

मग पालघर आणि राईनपाडा यांत भेद कोणता? शिक्षकाने या पाठात जो वेळ घालावयाचा, तो येथे घालावा. २०१५ च्या निकालाने बोलण्याच्या तीन पायऱ्या दाखविल्या आहेत : चर्चा, मतप्रचार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी संरक्षित आहेत. बंधनाचा प्रश्न तिसरीपाशी उभा राहतो. फलकावर चार वाक्ये लिहावीत. ‘पाण्याची टाकी सहा महिने कोरडी आहे, पंचायत काय करते?’ ‘येत्या ग्रामसभेस सर्वांनी यावे व टाकीच्या खर्चाचा हिशेब मागावा.’ ‘अमुक वस्तीतील लोकांनी टाकीत काही टाकले म्हणतात, उद्या ते दिसतील तेथे ठोका.’ आणि चौथे, सरपंचांच्या पोटाचे कोरड्या टाकीशी तुलना करणारे एखादे व्यंगचित्र, शब्दांत वर्णिलेले. मुलांनी प्रत्येक वाक्य कोणत्या पायरीवर आहे ते ठरवावे व कारण द्यावे. तिसऱ्याविषयी मतभेद होणार नाही. चौथ्याविषयी हमखास होईल, आणि तो मिटविण्याची घाई करू नये. सभ्य नाही आणि कायदेशीर नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मुलांस त्याच वादातून उमगते. व्यंगचित्र काढणाऱ्यास घरी आई रागावेल; पोलिसाने रागावण्याचे कारण नाही.

राईनपाड्यासारख्या अफवेसाठी कायदा तोकडा नाही, हेही सांगावे. भीती वा वैर पसरविणारी खोटी वार्ता फिरविणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली आजही गुन्हा आहे. म्हणजे चिथावणीस आवर घालण्यासाठी ६६ अ सारख्या धूसर कलमाची गरज नव्हती. तरीही अफवेचा खरा उतारा वर्गातच आहे. हा निरोप प्रथम कोणी लिहिला, तो कोणत्या गावचा, दिनांक कोणता, चित्र कोठले, हे चार प्रश्न विचारण्याची सवय लागलेले पोर घरी गेल्यावर आजोबांनाही ते प्रश्न विचारते. राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास मनाई केली; पण पाच म्हणजे तरी थोडे नव्हेत.

खोटे काय हे कोणी ठरवावे, हा त्यापुढचा प्रश्न. २०२३ साली केंद्र शासनाने नियम केला, की शासनाच्या कारभाराविषयी आंतरजालावर येणारा मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा आहे हे शासनाचाच एक कक्ष ठरवील. विनोदकार कुणाल कामरा व इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात त्यास आव्हान दिले. ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले. २० सप्टेंबर २०२४ रोजी तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी तो नियम घटनाबाह्य असल्याचे मत दिले. ज्याच्याविषयी तक्रार, त्यानेच ती खोटी ठरवावी, हे शाळेतल्या मुलासही पटत नाही. मात्र दुसरी बाजू अशी, की खोटेपणा पसरतो हेही खरेच असते. दोन्ही बाजूंनी दोन-दोन मुले उभी करून वाद घडवून आणावा.

दंगलीच्या वेळी आंतरजालच बंद करतात, याचा अनुभव आपल्या शेजारी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत हिंसाचार झाला, संचारबंदी लागली व आंतरजाल काही दिवस बंद राहिले. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात हेच घडले. अफवा थांबाव्यात हा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु त्याबरोबर शिधावाटपाचे यंत्र अडते, रोजगार हमीची हजेरी अडते, प्रवेशाचे अर्ज अडतात, आणि अफवा खोटी आहे असे सांगणाऱ्या भल्या माणसाचा आवाजही अडतो. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी, काश्मीरमधील ‘अनुराधा भसीन’ प्रकरणात, सांगितले की आंतरजालावरून बोलणे व व्यवसाय करणे यांस संविधानाचे संरक्षण आहे. बंदी बेमुदत असू शकत नाही. तिचा आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, म्हणजे नागरिकास त्याविरुद्ध दाद मागता येईल. त्या खंडपीठात आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. पुढे दोन वर्षांच्या आत त्याच अमरावतीवर हा प्रसंग यावा, हा योगायोग चमत्कारिक खरा. २०२४ च्या नव्या नियमांतही अशा आदेशाची कारणे लेखी देण्याचे बंधन आहे व मुदत पंधरा दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. मुलांनी एवढे शिकले तरी पुष्कळ झाले, की ‘वरून बंद केले’ हे उत्तर नव्हे; आदेश कोणाचा, कोणत्या तारखेचा व किती दिवसांचा, हे विचारता येते.

बोलण्याच्या हक्काचा जोडीदार म्हणजे आपली खाजगी माहिती आपलीच असण्याचा हक्क. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाची माहिती हाताळण्यासाठी पालकाची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. (याच कायद्याने माहितीच्या अधिकारातील कलम ८ मध्ये बदल केला, त्यामुळे सार्वजनिक कारभाराची माहिती मिळणे कठीण होईल, असा कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे.) आपल्या शाळांत काय चालते? शिष्यवृत्तीची यादी खातेक्रमांक व जातीसह पालकांच्या गटावर टाकली जाते. पोषण आहार घेणाऱ्या मुलांची छायाचित्रे रोज फिरतात. हे वाईट हेतूने होत नाही, घाईने होते. पण ज्या शाळेत मुलाची माहिती अशी उघडी पडते, तेथे खाजगीपणाचा धडा कोणत्या तोंडाने द्यावा?

शेवटची बाब अवघड आहे, आणि ती न लिहिता हा लेख छापणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शिक्षक हा नागरिक आहे, तसाच जिल्हा परिषदेचा सेवकही आहे. १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम त्यास लागू आहेत, आणि जुलै २०२५ मधील शासन निर्णयाने समाजमाध्यमांच्या वापराविषयी आणखी सूचना दिल्या आहेत. शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नये, वैयक्तिक व कार्यालयीन खाते वेगळे ठेवावे, असा त्यांचा रोख आहे. म्हणजे जे स्वातंत्र्य मुलांस पूर्ण मापाने शिकवावयाचे, ते शिकविणाऱ्यास काहीसे कमी मापाने मिळते. ही पुस्तिकाही त्याच नियमांच्या आत निघते. तरी संविधान शिकविणे हे टीका करणे नव्हे. न्यायालयाचा निकाल वर्गात वाचणे हे नियमभंग नव्हे. या पाठाविषयी कोणी पालक वा पदाधिकारी हरकत घेईल, तर त्यांना पाठ्यपुस्तकातील मूलभूत हक्कांचे प्रकरण दाखवावे व त्यांची हरकत लेखी मागावी. लेखी मागितली की पुष्कळ हरकती राहून जातात.

पाठास दोन तासिका लागतील. फलकावरील चार वाक्यांसाठी एक सबंध तासिका राखून ठेवावी. मुलांनी चौथ्या वाक्याविषयी, म्हणजे व्यंगचित्राविषयी, दिलेली कारणे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावीत, मुलांची नावे न लिहिता, आणि ती वही पुढील शिक्षण परिषदेस येताना बरोबर आणावी. वणी, पुसद व पांढरकवडा भागांतील मुलांची उत्तरे शेजारी ठेवून वाचावयाची आहेत.